जावयाच्या वाट्याचं ऊन

ऊन

वरून येतं. छप्पर काचेचं आहे म्हणून येतं, आणि काच पुसलेली असते म्हणून पुरतं. पुसणारा माणूस कमरेला दोरी बांधून एकेका तावदानावर ओणवा होतो, फडकं फिरवतो आणि खालच्या हौदाकडे बघून म्हणतो, "घ्या, वाढलं."

संस्थेत त्याला सगळे काचवाला म्हणतात. माणूस थट्टेखोर आहे, पण हे तो थट्टेत म्हणत नाही. हौदाला उन्हाशिवाय दुसरं जेवण नाही.

दालन संस्थेच्या मागच्या अंगाला आहे. दरवाजा एकच, जड, बिजागऱ्या तेल मागणाऱ्या. आत सिमेंटचा हौद, दोन मोटारी एकामागे एक उभ्या राहतील एवढा लांब. कठडा छातीपर्यंत. एका लांब बाजूला जाड काच बसवलेली, तिच्यातून पाण्याचं पोट दिसतं. काचेसमोर लाकडी बाक. बाकाच्या टोकाला, कोपऱ्यात, पाण्याचा नमुना घ्यायला उभं राहायची पायरी. दरवाजावर पाटी: हौदात बाहेरचं काही टाकू नये, हौदातलं काही बाहेर नेऊ नये. तपासायला बाटलीभर पाणी काढतात, तेही तपासून झालं की परत ओततात.

नियम कडक होता, कारण प्रश्न साधा होता. नुसत्या उन्हावर किती जीव जगतात?

ऊन पाण्यात उतरतं. त्यावर शेवाळ वाढतं. शेवाळ खायला पाण्यातल्या पिसवा, टाचणीच्या डोक्याएवढ्या, आरपार दिसणाऱ्या, सारख्या उड्या मारणाऱ्या. पिसवा खायला बोटाच्या पेराएवढे मासे. ते मासे खायला एक मरळ, अंगावर सापासारखी नक्षी असलेली, श्वास घ्यायला वर येऊन हवेचा घोट घेणारी.

मरळ एकच का, हे हौद सांभाळणाऱ्याने आपल्या आईला ह्याच बाकावर बसून सांगितलं होतं. मरळ सोडली तेव्हा ती बोटाएवढी होती, आणि ती सोडताना आई शेजारी उभी होती.

"तू मला लहानपणी जेवढं भरवलंस, त्यातलं किती माझ्या अंगात असेल?" त्याने विचारलं होतं.

"सगळं. दिसतंय की."

"साधारण दहावा हिस्सा धर. बाकीचं पळण्यात गेलं, रडण्यात गेलं, तापात गेलं. ऊब होऊन उडून गेलं. सगळ्यांचं तसंच असतं. शेवाळातला दहावा हिस्सा पिसवांच्या अंगी लागतो, त्यांच्यातला दहावा माशांच्या, त्यांच्यातला दहावा हिच्या. म्हणून खाली सगळं हिरवंगार आणि वर एकटा राजा."

"राजा कसला," काचवाला वरून म्हणाला होता, "जावई आहे तो. सगळं घर राबतंय आणि हा आपला पडून."

नाव पडलं ते पडलंच. मरळ बाई आहे की बुवा हे कोणी तपासलं नव्हतं, पण जावई म्हटल्यावर तो झाला. आई पुढे कितीतरी जणांना सांगायची, "मला मुलगी नाही, पण जावई आहे. पाण्यात राहतो. मानपान काही मागत नाही."

त्या मुलाला जाऊन आता तिसरं वर्ष होतं. आजार छोटा वाटला होता, छोटा नव्हता. हौद त्याच्या बायकोकडे आला. ती त्याच्याबरोबर ह्याच दालनात काम करायची, त्यामुळे तिला काही नवं शिकावं लागलं नाही. फक्त बाटलीवरच्या चिठ्ठ्यांवर त्याचं अक्षर येणं थांबलं.

सासूला घरी एकटं ठेववेना, म्हणून सून तिला रोज बरोबर आणायची. सासू बाकावर बसायची, जावयाकडे बघायची, दुपारी डबा उघडून जेवायची. एकटीच. कारण सूर्य डोक्यावर असतो तेव्हा उजेड मोजावा लागतो, आणि तो मोजायला सून त्या वेळी शिडीने छपरावर गेलेली असायची, डोळे मापकाच्या काट्यावर.

मग शेजारी इमारत उठली. एकेक मजला चढत गेला, आणि एका सकाळी काचवाल्याने फडकं फिरवता फिरवता हात थांबवला. अर्ध्या छपरावर सावली होती. काच लखलखीत होती आणि खाली काही पडत नव्हतं.

संचालकांनी सुनेला बोलावून घेतलं. समितीला ह्या जागेत सामान ठेवायचं होतं, हे काही नवीन नव्हतं. आता समितीला कारण मिळालं होतं. "वर्षभर वाट बघू," ते म्हणाले. "ह्या उजेडात हौद टिकला, वरचा मासा जगला, तर मी भांडेन. नाही टिकला तर माझ्याकडे भांडायला काही नाही."

त्या संध्याकाळी जेवताना सुनेने हे सासूला जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही. त्या घरात दोघीच होत्या, आणि हौद दोघींचाच होता.

"म्हणजे जावई जगला पाहिजे," सासू म्हणाली.

"जावई जगायचा तर आधी जगलं पाहिजे ते

शेवाळ."

आणि ते जगलं.

सुरुवातीला पाणी फिकट झालं, काचेतून पलीकडची भिंत दिसायला लागली, आणि जावई एवढा रोडावला की पाठीवरची नक्षी सैल कापडासारखी दिसे. सुनेने ते पाहिलं, मापं घेतली. बघणं हेच तिचं काम होतं. मग, सावली जराही हललेली नसताना, पाणी हळूहळू गडद व्हायला लागलं. आधी पोपटी. मग पानासारखं. मग असं की बाटली उजेडासमोर धरली तर बोटं दिसेनात.

सुनेने बाटली खाली ठेवली आणि पुन्हा उचलून बघितली. कमी उन्हात जास्त हिरवं. तिला माहीत होतं की असं होऊ नये. पण ते झालं होतं, आणि ते व्हावं म्हणून ती इतके महिने झोपेतसुद्धा हात जोडून होती. शेवाळाने सावलीशी जमवून घेतलं असेल. कमी उजेडात वाढणारी जात वर आली असेल. कारणं शोधली की सापडतात. जावईही भरला होता. पाठ गोल झाली होती. बाकाजवळ पावलं वाजली की तो कोपऱ्यात येऊन काचेला तोंड लावायचा.

"ओळखतो तुम्हाला," सून म्हणाली.

"ओळखणारच," सासू म्हणाली. "इतकी वर्षं समोर बसते."

रात्रीच्या जेवणाला सुनेने दोघींसाठी गोड आणलं. "टिकला, आई. हिरवागार आहे."

"समिती गप्प बसेल?"

"बसावंच लागेल."

"मग झालं," म्हणून सासूने आपल्या पुढ्यातलं गोड तिच्या ताटात सरकवलं. "मला नको. पोट भरलंय."

तिचं पोट नेहमीच भरलेलं असायचं. आणि ती वाळत चालली होती.

आधी अंगठी सैल झाली. तिने आतून दोरा गुंडाळला. मग दोराही पुरेना, तेव्हा अंगठी कपाटात गेली. खांद्यावरून कपडे घसरायला लागले. पायऱ्या चढताना ती मधेच थांबून भिंतीवरचं काहीतरी निरखल्यासारखं करायची, आणि भिंतीवर काही नसायचं. सुनेने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, पोटाची चित्रं काढली, जीभ बघितली, डोळे बघितले. सगळं ठीक.

"जेवतात ना नीट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो," सून म्हणाली.

"मग खाल्लेलं अंगी लागत नाहीये. अंडं द्या रोज. मांस द्या. ताकदीचं द्या."

सून पहाटे उठून अंडी उकडायला लागली. एकाची दोन केली. कोंबडीचे तुकडे मऊ शिजवून डब्यात घातले. डबा रिकामा येत राहिला आणि सासूचं मनगट बारीक होत राहिलं. सुनेला वाटायचं, हे दुःख आहे. दुःख माणसाला आतून खातं असं सगळेच म्हणतात. त्याला औषध काय देणार?

दिवसा ती एक हिशेब करत होती, संध्याकाळी दुसरा. दिवसाच्या हिशेबात कुठून तरी जास्त येत होतं. संध्याकाळच्या हिशेबात कुठेतरी कमी होत होतं. दोन्ही हिशेब एकाच बाईचे होते, आणि तिने ते कधी शेजारी ठेवले नाहीत.

शेजारी ठेवायला लावलं ते टाचणीच्या डोक्याएवढ्या

पिसवांनी.

त्या जाळीत आल्या नाहीत.

बारीक कापडाची जाळी हौदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची, बशीत झाडायची आणि बशीत जे उड्या मारेल ते मोजायचं, हे काम सून डोळे मिटून करायची. आज बशीत उड्या नव्हत्या. हिरवं पाणी होतं, गप्प. तिने पुन्हा जाळी ओढली. दोन-चार पिसवा आल्या, त्याही केविलवाण्या.

खायला एवढं शेवाळ असताना पिसवा कुठे गेल्या?

माशांनी खाल्ल्या.

एवढ्या? मग मासे फार झाले असतील.

तिने काचेला कपाळ लावून बघितलं. झाले होते. गर्दीच्या बाजारासारखे, एकमेकांच्या अंगावरून जाणारे, निवांत. घाबरून पळणारं त्यांच्यात कोणी नव्हतं.

मासे फार का झाले? त्यांना कोणी खात नाही म्हणून.

म्हणजे शेवाळ सावलीशी जमवून घेत नव्हतं. शेवाळाला कोणी खात नव्हतं, एवढंच. पाणी हिरवं होतं ते हौद टिकला म्हणून नाही. हौद वरून मोडत आला होता आणि ते मोडणं तिने बाटलीत भरून उजेडासमोर धरलं होतं. त्यावर तिने गोड आणलं होतं.

जावई तिच्या समोर होता. गोल, चकचकीत. पोराबाळांच्या गर्दीत बसलेल्या सुखवस्तू माणसासारखा.

"शिकार करत नाही," ती मोठ्याने म्हणाली, "आणि सुटत चाललाय."

काचवाला वर दोरीला होता. तावदान उघडं असल्याने त्याला ऐकू गेलं. "बाहेर जेवून येत असेल," तो म्हणाला.

सून हसली. नेहमीच्या सवयीने. मग तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे कोपऱ्यातल्या पायरीकडे गेले.

तिने काचेची लांब नळी घेतली, पायरीवर चढली, कोपऱ्यातल्या तळाचा गाळ ओढून घेतला आणि तळहातावर काढला. हौदाचा गाळ काळा असतो, बारीक असतो, त्याला ओल्या कौलासारखा वास येतो. हा चिकट होता. बोटांवर पसरला तेव्हा त्यात पिवळा चुरा दिसला. सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाही. हा वास तिच्या पहाटेच्या स्वयंपाकघरातला होता.

तिने वर बघितलं. "तुम्हाला माहीत होतं."

काचवाल्याने फडकं पिळलं. "वरून सगळंच दिसतं हो. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय त्यांना. मग वाटलं, नसेल सांगितलं. पण म्हातारं माणूस जेवताना आपण त्यांच्या डब्यात बघू नये."

"त्या जेवत नव्हत्या."

"ते मला कुठे माहीत?" तो म्हणाला, आणि त्या दिवशी उरलेल्या काचा त्याने एकही शब्द न बोलता पुसल्या.

लहान मासे

काचेपलीकडे गर्दी करून होते. दुसऱ्या दिवशी, सूर्य डोक्यावर आला तेव्हा, सून छपरावर गेली नाही. बाकावर सासूच्या शेजारी येऊन बसली.

"आज वर नाही गेलीस?"

"नाही."

"मग ऊन कोण मोजणार?"

"राहू दे एक दिवस. जेवा तुम्ही."

सासूने डबा मांडीवर घेतला. झाकण उघडलं नाही. जावई केव्हाच कोपऱ्यात आला होता. वर जाऊन हवेचा घोट घेऊन तो परत काचेशी थांबला.

"बघ कसा येतो," सासू म्हणाली. "ओळखतो."

"ज्याला कोणी वाढत नाही, तो कोणाला ओळखत नाही, आई."

झाकणावरची सासूची बोटं तशीच राहिली. ती म्हणाली, "हाडं दिसत होती त्याची. तुला दिसली नाहीत?"

"दिसली होती."

"मग?"

"मी मोजत होते."

"तू मोजत होतीस. मी वाढलं."

"पाटी आहे दारावर. बाहेरचं काही टाकायचं नाही."

"बाहेरचं कुठे टाकलं? मी काय बाहेरची आहे?" सासूचा आवाज चढला नाही. समजावल्यासारखा होता. "आणि घरातलं चोरून नाही आणलं मी. तू जास्त दिलंस ते माझ्या मागण्यावरून नाही. माझ्या पुढ्यातलं होतं, माझ्या वाट्याचं. त्यानेच शिकवलं होतं मला, वरच्याला मिळतं ते खालच्याच्या अंगातलं असतं. मग मी दिलं अंगातलं."

"सगळंच दिलंत?"

"भूक नसते गं. खोटं नाही सांगत. पहिल्यांदा थोडं ठेवायचे, मग वाटायचं, हे तरी कशाला? शेवाळाचं पिसवांना होतं. पिसवांचं माशांना. मी खाल्लं तर ते कोणाला? माझ्यानंतर कोण आहे? माझ्यात पडून राहणार आणि माझ्याबरोबर संपणार. त्यापेक्षा ह्याच्या पोटात गेलं तर निदान हौद राहील. त्याचा हौद."

सुनेला ह्याचं उत्तर येत होतं, आणि ते तिने आजवर फक्त फळ्यावर लिहिलं होतं.

"शेवाळ पिसवांसाठी नसतं, आई. ते आपलं जगत असतं. पिसवांच्या तोंडी लागतो तो थोडासा भाग, उरलेला. बाकीचं त्याचं जगून झालेलं असतं. वर पोचत नाही त्याला आम्ही नुकसान म्हणतो, कागदावर. पण ते वाया गेलेलं नसतं. पिसवांच्या उड्या असतात त्या. माशांचं पळणं असतं. कोणाच्याही जेवणातलं बहुतेक सगळं त्याच्या स्वतःच्या जगण्यातच जातं. पुढे कोणी असलं तरी, नसलं तरी."

सासू ऐकत होती.

"आणि माझ्या मुलाचं?" तिने विचारलं. "मी भरवलं ते?"

"तो जगला ना, त्यात गेलं."

"आता कुठे आहे ते?"

इथे खोटं बोलता आलं असतं. लोक बोलतात. झाडात आहे, पाण्यात आहे, इथेच आहे आपल्या आसपास.

"ऊब होऊन गेलं," सून म्हणाली. "माती फिरून येते. पाणी येतं. ऊब परत येत नाही. म्हणून तर ऊन रोज लागतं."

सासूने मान हलवली, हळू, दोनदा. "तोही हेच म्हणाला असता. मन राखायला म्हणून एक शब्द खोटा बोलायचा नाही. बायकोही तसलीच शोधली."

काचेमागे जावई तोंड उघडत होता, मिटत होता.

"मी बिघडवलं का सगळं?" सासूने विचारलं.

"तुमच्या अंड्यांनी तो शिकार विसरला. त्यामुळे मासे माजले, त्यांनी पिसवा संपवल्या, म्हणून पाणी हिरवं झालं. आणि मी ते बघून खूश झाले. तुम्ही न शिकता चुकलात. मी शिकून चुकले."

"बंद केलं तर मरेल तो."

"मरेल, नाहीतर पुन्हा शिकारीला लागेल. बारीक होऊन जगेलही. एवढ्या उन्हात ह्याच्या वाट्याला किती येतं, ते अजून कोणालाच माहीत नाही." सून काचेकडे वळली. "त्याला काढून तलावात सोडताही येईल. तुम्ही म्हणालात तर आज जाळी आणते. मग हौद संपला. पण काही झालं तरी उद्यापासून तुमचा डबा तुम्ही खायचा. तुमचा मुलगा गेला, तुम्हीही गेलात तर मी तिसरं माणूस कुठून आणू?"

शेवटचं वाक्य तिने ठरवलं नव्हतं. ते बाहेर आल्यावर ती दुसरीकडे बघायला लागली.

सासूने हौदाकडे पाहिलं. लहान मासे जावयाच्या तोंडासमोरून ये-जा करत होते, जणू तो एखादा दगडच होता.

"जाळी नको," ती म्हणाली. "तो इथलाच आहे. बघू त्याला काय जमतं."

मरळ

कोपऱ्यात येत राहिली. कागदावर सुनेने जावई लिहिलं नाही, मरळ लिहिलं, आणि तो कागद घेऊन ती संचालकांकडे गेली. कोणी खाऊ घातलं, किती दिवस, त्यामुळे काय झालं आणि ते ओळखायला आपल्याला किती उशीर झाला, सगळं.

"म्हणजे वर्ष फुकट गेलं," संचालक म्हणाले. "आता समितीला काय सांगू?"

"हेच सांगा, सर."

"मला तुमचं हिरवं पाणी आवडलं होतं."

"मलाही."

त्यांनी कागद उलटा ठेवला. पुढच्या बैठकीपर्यंतची मुदत ते देऊ शकत होते, त्यापुढची नाही. "तोवर तो जगेल?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि त्या उत्तराची तिला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

सासूने बाक सोडला नाही. सुनेने सुचवलं होतं, डबा वरच्या खोलीत खाऊ या. "नको," सासू म्हणाली. "त्याच्यापासून तोंड लपवून मला घास उतरणार नाही." उजेड मोजायचं काम दुपारपुरतं काचवाल्याने मागून घेतलं. नाहीतरी मी तिथेच लटकलेला असतो, म्हणाला.

दुपारी दोघी शेजारी बसायच्या. मरळ काचेशी यायची. वाट बघायची. पाठीवरची नक्षी पुन्हा सैल पडत होती. सासू तिच्या डोळ्यांसमोर अंडं सोलायची, अर्धं करायची, तोंडात घालायची आणि पुष्कळ वेळ चावत राहायची. कधी डोळ्यांतून पाणी यायचं, तरी चावणं थांबायचं नाही.



एका दुपारी कोपरा रिकामा होता. दोघींनी डबे उघडले. काचेमागचं पाणी स्थिर होतं, गढूळ हिरवं, आणि लहान मासे त्यात टांगल्यासारखे होते.

मग पलीकडच्या टोकाला पाणी फाटलं. गर्दी एकदम फुटली, चांदीची नाणी सांडावीत तशी, आणि त्यांच्यामधून काहीतरी काळं, लांब, आडवं गेलं.

सून उठायला लागली. सासूने तिचं मनगट धरलं. पकड अजून हलकी होती.

"बस," ती म्हणाली. "तुझा डबा अर्धा राहिलाय."